डबा एकाकडे, कागद दुसऱ्याकडे: जुना मराठी सिनेमा घरी बघायला का मिळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील पंच्याहत्तर वर्षांचे होतायत, त्यांनी १९७३ साली पुसेगावच्या यात्रेत तंबूत बसून एक तमाशापट पाहिला होता, तो त्यांना वाढदिवसाला दाखवायचाय. यूट्यूबवर त्यातली दोन गाणी आहेत, सिनेमा नाही. सीडी नाही, डीव्हीडी नाही, ओटीटीवर नावसुद्धा सापडत नाही. आणि शेवटी वैतागून विचारलंय, "या लोकांना पैसे नकोत का?"

हवेत हो, पैसे कोणाला नकोत. पण "हे लोक" म्हणजे नक्की कोण, हेच बऱ्याच वेळा कोणाला माहीत नसतं, त्या लोकांनासुद्धा नसतं. मी १९८८ पासून या लाईनीत आहे, आधी मुंबईत एका लॅबमध्ये टेलिसिने मशीनवर, म्हणजे फिल्मवरचा सिनेमा व्हिडिओ टेपवर उतरवायचं मशीन, मग व्हीसीडीचा जमाना आला तेव्हा मास्टरिंगला, आणि गेली पंधराएक वर्षं मुख्यतः जुन्या प्रिंट शोधणं आणि त्यांच्या हक्कांचे कागद जुळवणं, हेच काम. लोकांना वाटतं सिनेमा हरवला म्हणून मिळत नाही. हरवलेले आहेतच, त्यावर पुढे येतो, पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात केसेसमध्ये सिनेमा कुठेतरी असतो. फिल्मच्या रिळांचा डबा एकाकडे असतो, हक्कांचा कागद दुसऱ्याकडे, आणि कागदावर नाव तिसऱ्याचंच.

आधी गाण्यांचं सांगतो कारण सगळ्यांना तेच कोडं पडतं, गाणी आहेत मग सिनेमा कसा नाही. साधं आहे. गाणी ही सिनेमाच्या आधी वेगळी रेकॉर्ड व्हायची आणि त्यांचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे जायचे, आपल्याकडे बहुतेक वेळा एचएमव्हीकडे, म्हणजे आजची सारेगामा. कंपनीला रेकॉर्ड विकायची होती, आकाशवाणीवर वाजवायची होती, म्हणून तिने ती टेप सांभाळली, नंतर कॅसेट काढली, मग सीडी, मग ऑनलाइन. एक कंपनी, एक गोदाम, एक रजिस्टर. सिनेमाला असं गोदाम कधी नव्हतंच. तुम्ही यूट्यूबवर ऐकताय ते बऱ्याचदा सिनेमातलं गाणं नसतंच, ते रेकॉर्डवरचं गाणं असतं, तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं. पडद्यावर मधे शाहिराचा एक जादा अंतरा असतो, ढोलकीचा तुकडा असतो, पाटलाचा एखादा डायलॉग असतो, ते रेकॉर्डवर नाही. वडिलांना विचारून बघा, ते म्हणतील "यात काहीतरी कमी आहे".

आता सिनेमा कसा बनायचा ते बघू, म्हणजे कागदाचा गुंता कळेल. त्या काळातला मराठी निर्माता म्हणजे स्टुडिओवाला शेठ नव्हे. कोणी उसाचा बागायतदार, कोणी नाटक कंपनीवाला, कोणी हौशी मास्तर. थोडे स्वतःचे पैसे, थोडे बायकोचे दागिने, बाकी फायनान्सरकडून व्याजाने. फायनान्सर पैसे देताना काय तारण घेणार? निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून सगळ्या प्रिंट निघतात ती मूळ फिल्म. पण निगेटिव्ह तर लॅबमध्ये, कारण प्रिंट तिथेच निघणार. मग लॅबला पत्र जायचं, की अमुक शेठची लेखी परवानगी आल्याशिवाय या निगेटिव्हवरून प्रिंट काढू नये. याला आमच्याकडे लॅब लेटर म्हणतात. शिवाय लॅबचं स्वतःचं बिल असायचं, प्रोसेसिंगचं, प्रिंटचं, ते चुकेपर्यंत लॅबसुद्धा डबे सोडायची नाही. त्यावर वितरक, तो मुंबई इलाख्याचे हक्क घेणार, विदर्भाचे दुसरा कोणी, आणि प्रत्येकाचा करार वेगळ्या मुदतीचा, कोणाचा पाच वर्षं, कोणाचा सात. सिनेमा चालला तर हे सगळं सुटायचं. पडला की निर्माता लॅबच्या दारातसुद्धा फिरकायचा नाही. लॅब लेटर फाइलला, डबे रॅकवर, आणि वरून पन्नास वर्षं गेली.

या करारांत होम व्हिडिओ हा शब्दच नाही, कारण ती चीजच नव्हती. मी १९६८ सालचा एक करार बघितलाय, स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला, त्यात ३५ एमएम आहे, १६ एमएम आहे, फिरत्या चित्रगृहांचे हक्क आहेत, अगदी गाण्यांच्या चोपड्या छापायचे हक्कसुद्धा कोणाला ते लिहिलंय, पण टीव्हीचं नाव नाही, कारण मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मग १९८० नंतर व्हिडिओ कॅसेट आली, तिचे हक्क कोणाकडे? निर्माता म्हणतो माझ्याकडे, मी विकलेच नाहीत. वितरक म्हणतो मी "सर्व हक्क" घेतले होते, सर्व म्हणजे सर्व. काही हुशार वितरकांनी "आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांचे" असं वाक्य घालून ठेवलं होतं, त्यांच्या नातवंडांची आज चंगळ आहे. बाकीच्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे वकील बसतात, आणि ज्या सिनेमातून डीव्हीडीचे दोन-पाच लाखसुद्धा सुटणार नाहीत त्यावर दोन वकील परवडत नाहीत, म्हणून विषय तिथेच पडतो.

एक प्रसंग सांगतो, नावं गाळून. काही वर्षांपूर्वी एका चॅनेलला साठच्या दशकातला एक ग्रामीण सिनेमा हवा होता, मला शोधायला सांगितलं. निर्माता १९८४ ला वारलेला. मुलं तीन, मुलगी एक. मृत्युपत्र नाही. थोरला कोल्हापुरात, मधला गेलेला आणि त्याची बायको पुण्यात, धाकटा मस्कतला, मुलगी डोंबिवलीत. चौघांच्या सह्या हव्यात. कोल्हापूरचे काका मला म्हणाले, "अहो या सिनेमात आमचं मंगळवार पेठेतलं घर गेलं. आईचे गोठ गेले. आणि तुम्ही आता एवढेसे पैसे घेऊन आलात?" त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या डोक्यात त्या सिनेमाची किंमत म्हणजे ते घर होतं. डोंबिवलीच्या ताई लगेच तयार झाल्या, त्यांना फक्त सिनेमा बघायचा होता, त्यांनी तो लहानपणी एकदाच पाहिला होता. पुण्याच्या वहिनी म्हणाल्या मोठे दीर सही करतील तेव्हा मी करीन. धाकटे फोनवर म्हणाले पाठवा कागद, आणि पाठवल्यावर सहा महिने गप्प. तोपर्यंत चॅनेलमधला माणूस बदलला, नव्या माणसाला ग्रामीण सिनेमा नको होता, त्याला कॉमेडी हवी होती. तो सिनेमा आजही तिथेच आहे. निगेटिव्ह उत्तम स्थितीत, मी स्वतः हाताळलीय.

आणि समजा सगळ्या सह्या झाल्या तरी जाहीर नोटीस द्यावी लागते पेपरात, की आमचे अशील अमुक चित्रपटाचे हक्क विकत घेत आहेत, कोणाचा काही हक्क, दावा, बोजा असल्यास चौदा दिवसांत कळवावे. जमिनीची असते ना तशीच. नोटीस छापून आली की कुठून कुठून माणसं उगवतात बघा. एकदा एकाच सिनेमावर तिघांनी दावा सांगितला आणि तिघांकडे ओरिजिनल करार होता, तिन्ही खरे, कारण निर्मात्याने अडचणीत तीन वेळा तोच सिनेमा विकला होता. पहिल्यांदा सांगलीला, मग नागपूरला, मग मुंबईत.

आता डब्यांकडे येतो. इथे मात्र खरंच नुकसान झालंय. मुळात आपल्याकडे सिनेमा सांभाळायची चीज मानलाच नाही, थेटरातून उतरला की संपला. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, मग घासलेल्या प्रिंट, आणि पुष्कळदा निगेटिव्हसुद्धा, किलोवर चांदी काढणाऱ्यांना विकल्या गेल्या, थर धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्यासुद्धा व्हायच्या. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले आणि त्यातले आज दोन-तीन डझन शिल्लक आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र आपण अभिमानाने सांगतो, त्याची सगळी रिळं आपल्याकडे नाहीत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक सावकारी पाश गेला तो गेलाच. १९५१ च्या आधीची फिल्म बहुतेक नायट्रेटची, ती पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते, आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली त्यात शेकडो सिनेमांची हजारो रिळं राख झाली. पुण्यातल्या आमच्या लाईनीतल्या जुन्या माणसांसमोर तो विषय अजून काढवत नाही.

तुमचा सिनेमा १९७३ चा म्हणजे नायट्रेट नाही, अॅसिटेट. जळायची भीती नाही पण हिला वेगळा रोग होतो. दमट हवेत फिल्म सडायला लागते आणि तिच्यातून व्हिनेगर सुटतं, अगदी लोणच्याच्या कारखान्यासारखा वास. एका सडक्या डब्याने शेजारचे डबे सडतात. मुंबईची हवा म्हणजे या रोगाला माहेर. मी एकदा एका गावात वाड्याच्या माळ्यावरून चौदा डबे उतरवले. एक रीळ साधारण हजार फुटांचं, मिनिटाला नव्वद फूट जातात म्हणजे अकरा मिनिटं, चौदा रिळं म्हणजे सव्वादोन-अडीच तासांचा सिनेमा, वजन चाळीस किलोच्या आसपास. डब्यांवर चिकटपट्टी, त्यावर शाईने रिळाचा नंबर. गंजलेलं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर पहिल्याच डब्याने डोळ्यांत पाणी आणलं. वरचे वेटोळे एकमेकांना चिकटून पापडासारखे झालेले. दुसरा बरा. तिसरा बरा. पाचव्यात फिल्मच नव्हती, त्यात सुतळीचा गुंडा आणि एका दुकानाच्या पावत्या होत्या. हाताने उलगडत, कापसाचे हातमोजे घालून, उजेडासमोर धरून बघत बघत आम्ही तीन दिवस बसलो. सहावं रीळ नवव्याच्या डब्यात, नववं गायब. आणि गंमत म्हणजे ज्या लावणीसाठी तो सिनेमा लोकांच्या लक्षात होता ती लावणी आख्खी कापलेली, सांधा अगदी साफ, सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या चिकट द्रवाने, जोडलेला. हे प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरचं काम. तंबूत आणि लहान थेटरात ऑपरेटर आवडीचं गाणं कापून ठेवायचे, कधी स्वतःसाठी, कधी कोणा शौकिनाला विकायला, कधी दुसऱ्या पडलेल्या सिनेमात घुसडून गर्दी खेचायला. माझी आई म्हणायची लग्नात वरण संपलं तरी चालतं, जिलबी संपली की बभ्रा होतो, तसंच आहे हे, सिनेमा मिळतो आणि नेमकं गाणं नाही.

यात सेन्सॉर सर्टिफिकेट फार उपयोगी पडतं. सुरुवातीला पडद्यावर जो कागद दिसतो आणि आपण कंटाळतो, त्यावर एकूण रिळं किती आणि लांबी किती मीटर ते लिहिलेलं असतं. त्यावरून कळतं हातात असलेल्या प्रिंटमधून किती गेलंय. त्याच्यावर अर्जदाराचं नाव असतं, म्हणजे त्या वेळी हक्क कोणाकडे होता याचा तो पहिला पुरावा. बरेच लोक डब्यांच्या मागे धावतात आणि या कागदाला विचारत नाहीत.

निगेटिव्हचं काय झालं म्हणाल तर ती लॅबमध्ये होती, आणि साधारण २०११ ते २०१४ च्या दरम्यान सगळं डिजिटल झालं तशा लॅब एकामागून एक बंद पडल्या. बंद होताना त्यांनी निर्मात्यांना पत्रं पाठवली, डबे घेऊन जा. कोणाच्या पत्त्यावर? पन्नास वर्षांपूर्वीच्या दादरच्या खोलीच्या, जिथे आता टॉवर आहे. पत्रं परत आली. काही डबे पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला गेले, काही कोणाच्या तरी गोदामात, काही भंगारात. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पावसाने तळमजल्यावरची गोदामं भरली होती ते वेगळंच. मी स्वतः एका ठिकाणी कमरेइतक्या पाण्यातून डबे काढलेत, आणि ओली फिल्म वाळली की एकमेकींना चिकटून वीट होते, मग देवसुद्धा सोडवू शकत नाही.

म्हणून बऱ्याचदा हातात उरतं ते काय तर फिरत्या टॉकीजची घासलेली प्रिंट. हसू नका, त्या तंबूवाल्यांनी फार सिनेमे वाचवलेत. शहरातला वितरक मुदत संपली की प्रिंट नष्ट करायचा, किंवा केल्याचं दाखवायचा, तंबूवाला मात्र तीच प्रिंट तीस वर्षं यात्रा-जत्रांतून फिरवायचा, कारण लोकांना तोच सिनेमा दरवर्षी बघायचा असायचा. पडद्यावर पाऊस पडतो त्यात, रेघाच रेघा, पण सिनेमा आहे.

मग तुम्ही विचाराल, मधल्या काळात एवढ्या व्हीसीडी निघाल्या त्यांचं काय. निघाल्या की. १९९९ ला अल्फा मराठी आलं, वर्षभराने ई टीव्ही, पुढे २००७ ला झी टॉकीज, यांना चोवीस तास भरायचे होते म्हणून सिनेमांना एकदम भाव आला आणि आम्ही टेलिसिनेवाले रात्रपाळ्या करायला लागलो. जे सापडेल ते बीटाकॅमवर, म्हणजे तेव्हाच्या टीव्हीवाल्यांच्या व्हिडिओ टेपवर, उतरवायचं. त्याच सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, पायरेटेडपेक्षा स्वस्त, तेव्हा त्याच बीटाकॅमवरून धडाधड डिस्क निघाल्या. क्वालिटीबद्दल मला आज लाजच वाटते थोडी. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे आजच्या मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढं. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेम्सचा, आपला टीव्ही पंचवीसचा, मग आम्ही सरळ पंचवीसने पळवायचो, १४० मिनिटांचा सिनेमा सहाएक मिनिटांनी लवकर संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित वरच्या पट्टीत. तुम्हाला कधी व्हीसीडीवर वाटलं असेल की बाई जरा चिरक्या आवाजात गातेय, तर तो दोष बाईंचा नाही, आमचा. शिवाय एका डिस्कवर ऐंशी मिनिटं, दोन डिस्कवर एकशे साठ, त्याच्यावर सिनेमा गेला की तिसरी डिस्क परवडत नाही म्हणून कात्री. काय कापायचं ते ठरवायला दिग्दर्शक नव्हता तिथे, बावीस वर्षांचा ऑपरेटर होता. कधीकधी मी होतो.

आणि म्हणून हे लक्षात घ्या की व्हीसीडी होती म्हणून तो सिनेमा ओटीटीवर येईल असं अजिबात नाही. ओटीटीवाले कमीत कमी एचडी मागतात, जुना बीटाकॅम मास्टर त्यांच्या क्वालिटी चेकमध्ये पहिल्या दिवशीच परत येतो. म्हणजे परत मूळ फिल्मपाशी जायचं, स्कॅन करायचं. हिशोब सांगतो, १४० मिनिटांचा सिनेमा म्हणजे दोन लाखांवर फ्रेम्स. फोर के मध्ये एक फ्रेम पन्नासेक एमबीची, म्हणजे फक्त कच्चा स्कॅनच दहा टीबी. त्यावर एकेक रेघ, एकेक डाग, उडतं चित्र स्थिर करणं, आवाजातली खरखर काढणं. कॉम्प्युटर पुष्कळ करतो पण कॉम्प्युटरला पाऊस आणि रेघ यातला फरक कळत नाही, नायिका नाकात चमकी घालून आली की तो डाग समजून पुसून टाकतो, मग माणूस बसतो आणि चमकी परत लावतो. काही लाखांचं काम आहे हे, नीट करायचं तर बऱ्याच लाखांचं. बघणार कोण, तर तुम्ही आणि तुमचे वडील आणि अजून काही हजार माणसं. पिंजरासारखा सिनेमा असेल तर तो नव्याने स्वच्छ करून थेटरातसुद्धा लागतो, २०१६ ला लागला, कारण त्याच्यामागे व्ही. शांतारामांचं नाव आणि एकसंध घराणं आहे. प्रभातचंही तेच, दामले कुटुंबाने हक्क परत मिळवून एका जागी ठेवले म्हणून १९३६ चा संत तुकाराम आपण आज घरी बसून बघू शकतो आणि १९७३ चा तुमचा तमाशापट बघू शकत नाही. वय हा मुद्दाच नाही, मालक एक आहे की अकरा हा मुद्दा आहे.

फिल्म अर्काइव्हबद्दल एक मोठा गैरसमज असतो. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ ला सुरू झालं, पी. के. नायर यांनी अक्षरशः गावोगाव फिरून डबे गोळा केले, तो माणूस नसता तर माझा धंदाच नसता. आता ते एनएफडीसीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय आणि २०२२ ला सरकारने बावीसशे सिनेमे रिस्टोअर करायला ३६३ कोटींची घोषणा केली, सगळ्या भाषांचे मिळून. चांगलंच आहे. पण संग्रहालय म्हणजे बँकेचा लॉकर, डबा त्यांच्याकडे असला तरी सिनेमा त्यांच्या मालकीचा होत नाही. मालकाचं एनओसी आल्याशिवाय ते तुम्हाला कॉपी देऊ शकत नाहीत, डीव्हीडी काढू शकत नाहीत. आणि निर्मात्याने तिथे प्रिंट जमा करायलाच हवी असा कायदा आपल्याकडे नाही, पुस्तकांना आहे, सिनेमाला नाही. हे मला आजही पटत नाही.

कॉपीराइट संपेपर्यंत थांबू म्हणाल तर सिनेमाला ६० वर्षं, प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. तुमचा १९७३ चा, म्हणजे २०३३ संपेपर्यंत बांधलेला. त्याच्या आतल्या शब्दांचं गणित परत वेगळं, ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ च्या डिसेंबरपर्यंत चालणार, सिनेमा मोकळा झाला तरी. आणि कॉपीराइट संपला तरी डबा ज्याच्याकडे आहे त्याने तो द्यायला हवाच असं नाही, तो म्हणेल माझी प्रिंट, माझा माळा, माझी किंमत. कायद्यात ३१अ म्हणून एक कलम आहे, मालक सापडतच नसेल तर पेपरात जाहिरात देऊन, पुढे रीतसर अर्ज करून लायसन्स मागता येतं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात वकिलाच्या फीमध्ये दोन सिनेमे विकत येतात, म्हणून छोटा माणूस त्या वाटेला जात नाही.

मधल्या मधे यूट्यूबवर कोणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला सिनेमा टाकतो, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, मधे जाहिरातीपुरतं काळं. मग कोणीतरी क्लेम टाकतो, म्हणजे हा सिनेमा माझा असा दावा करतो, आणि तो व्हिडिओ उडतो. क्लेम टाकणाऱ्याकडे कागद असतोच असं नाही, कधीकधी आधी हात वर करणाऱ्याचा सिनेमा. मी पायरसीच्या बाजूने बोलतोय असं समजू नका, माझं पोट त्याच्या उलट बाजूवर चालतं, पण खरं सांगायचं तर दोन सिनेमे मला असे माहीत आहेत की ज्यांची आज एकमेव बघण्याजोगी प्रत म्हणजे कोणीतरी चोरून केलेली व्हीएचएस. त्यातली एक न्यू जर्सीतल्या एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये मिळाली, कारण व्हिडिओचे हक्क आधी परदेशात विकले जायचे, आखातात आणि अमेरिकेत, आणि तिथल्या मंडळातली माणसं कॅसेटी एकमेकांत फिरवायची. तिथे कॅसेट टिकली.

तर आता तुमचं काय करायचं. पहिलं, वडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या जुन्या सामानात गाण्याची चोपडी आहे का बघा, थेटराबाहेर काही पैशांना मिळायची ती. तिच्या मागच्या पानावर निर्मिती संस्थेचं नाव, वितरकाचं नाव, कधीकधी पत्ता असतो. ते मिळालं तर अर्धं काम झालं. दुसरं, पुण्याला संग्रहालयाला एक साधं पत्र किंवा मेल लिहा, सिनेमाचं नाव, साल, संस्था, आणि फक्त एवढंच विचारा की यातलं काही तुमच्याकडे जमा आहे का. "मला कॉपी द्या" असं लिहिलंत तर थेट नकार येतो, "आहे का" विचारलंत तर उत्तर येतं. असेल तर अभ्यासासाठी तिथे बसून बघायची सोय असते, फी भरून, वडिलांना लॉ कॉलेज रोडपर्यंत नेता येत असेल तर वाढदिवस तिथेच. तिसरं, निर्मात्याचं घर सापडलं तर हक्क विकत घ्यायची भाषा पहिल्या भेटीत करू नका. नुसतं म्हणा की आमच्या वडिलांना तुमच्या वडिलांचा सिनेमा आठवतो. मी तीस वर्षांत बघितलंय, या घरांत कोणी कधी असं येऊन बोललेलंच नसतं. माळा तिथेच उघडतो. आणि माळा उघडलाच तर त्यांना एवढं सांगा की डबे संग्रहालयात ठेवायला दिले तरी मालकी त्यांचीच राहते, बऱ्याच घरांना हे माहीत नसतं आणि सरकार घेऊन टाकेल या भीतीने ते डबे उंदरांना देतात.

बाकी, पुसेगावचा तंबू म्हणालात म्हणून सांगतो. त्या पट्ट्यात फिरणाऱ्या एका जुन्या टॉकीजवाल्याच्या मुलाकडे अजून शंभरेक डबे पडून आहेत, यादी नाही, चिकटपट्ट्या गळून गेल्यात. मी डिसेंबरात तिकडे जाणार आहे, यात्रेच्याच दिवसांत. सिनेमाचं नाव आणि एखादा पक्का सीन वडिलांना विचारून ठेवा, नटाचं नाव नको, सीन हवा, कारण रीळ उजेडासमोर धरल्यावर टायटल दिसत नाही, बैलगाडी दिसते. वडिलांनाच घेऊन आलात तर फारच उत्तम, ते चार फ्रेम्सवर ओळखतील. फक्त मास्क आणा, तो वास दोन दिवस नाकातून जात नाही.